आईने वाटलेल्या गोळ्या

पन्नासचं दशक सरत आलं होतं. जऊळक्याला आमचा भाजीचा मळा होता आणि मळ्यात आई सोडून सगळं टवटवीत होतं. तीन महिने ती वांग्यांच्या वाफ्याशी नुसती बसून असायची. बोलणं बंद, जेवण नावाला. बाबांनी तिला आगगाडीने अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी उदासीवरच्या नव्यानेच निघालेल्या गोळ्या दिल्या. "कशा लागू पडतात ते मलाही नीट ठाऊक नाही," ते म्हणाले, "पण रोज घ्या आणि तीन-चार आठवडे धीर धरा."

महिना झाला, आई तशीच. बाबा गोळ्यांना शिव्या देऊ लागले. मी जात्याच संशयी, म्हणून पाळत ठेवली. शेजारीण आली, आईने पदराची गाठ सोडली आणि फुटाणे द्यावेत तशी तिच्या हातावर स्वतःची गोळी ठेवली. समोरच्याला दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी काही तोंडात घालत नसे. शेजारणीचं तोंड सारखं कोरडं का पडत होतं ते तेव्हा कळलं. आमच्या बैलालाही गुळातून एक पोचली होती. त्याला तर कसलंच दुःख नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "माय, औषध हाय ते, परसाद नाही."

"एकटीनं कसं खावं वं?" दिवसभरात ती तेवढंच बोलली.

बाबांनी पुन्हा गोळ्या आणल्या. आता ती गोळी घेई आणि सोबत म्हणून मी गुळाचा खडा खाई. मी इमानेइतबारे जाड होऊ लागले.

पुढे कधीतरी वाचलं, की मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप द्यायला रसायन सोडते आणि उरलेलं परत ओढून घेते. ती गोळी हे ओढणं अडवते, म्हणून रसायन दोघींच्या मधल्या फटीत जास्त वेळ टिकतं. तरी मन सावरायला काही आठवडे जातातच. म्हणजे आईच्या पेशी आईवर गेल्या नव्हत्या. दिलेलं परत घेणं तिला जन्मात जमलं नाही.

पुन्हा आणलेल्या गोळ्यांच्या चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी गूळ चघळत होते. आई माझ्याकडे बघत राहिली.

"तुही वेणी कोनं घातली वं? झाडूवानी दिसून राह्यली. इकडं ये."

इतके महिने माझी वेणी मीच घालत होते, ते तिला दिसलंच नव्हतं. तिने फणी घेतली आणि मला रडू फुटलं.

"फणी लागली काय?"

लागली, म्हटलं.