पडद्यावरचा अनवाणी पाय

नातवाच्या नव्या बुटांच्या कातड्याचा वास आला आणि मला पाचोऱ्याचं स्टेशनमागचं मैदान आठवलं. आमच्या फुटबॉल संघात मालधक्क्यावरचे कारकून होते, इंजिनात कोळसा घालणारा एक मुसलमान फायरमन होता आणि रुळांवर काम करणारा एक भिल्ल गडी होता. तो अनवाणी खेळायचा आणि निम्मे गोल एकटा करायचा. त्या हिवाळ्यात मुंबईचा एक चित्रपटवाला फुटबॉल खेळणाऱ्यांवर मूकपट काढायला आला. भिल्लाकडे बघून तो मला म्हणाला, "कप्तानसाहेब, बूटवालेच ठेवा. हा चित्रात शोभणार नाही." मी भांडायला हवं होतं. त्याऐवजी भिल्लाला म्हणालो, "भाऊ, तू गोलामागे थांब, बाहेर गेलेला चेंडू आत दे." तो हसला आणि गेला. पुढे गावात सिनेमाचा तंबू लागला तेव्हा तो गडी म्हाताऱ्या आईला घेऊन आला. पडद्यावर मी छाती काढून धावत होतो, लोक टाळ्या पिटत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून, घोट्याला काळा दोरा बांधलेला एक पाय आला, चेंडू आत ढकलून नाहीसा झाला. म्हातारी लेकाचा पाय ओळखून उठली आणि ओरडली, "हाऊ पाय मना पोऱ्याना शे! दोरा मीच बांधेल शे!" तिचा हात धरून तो हळूच म्हणाला, "हां माय, मनाच शे." पुढच्या बाकावर मी माझे बूट आत ओढून घेतले. मी सिनेमात होतो हे नातवाला शंभरदा सांगून झालंय. त्या पायाचं अजून सांगितलेलं नाही.