आळ म्हशीवर

डॉक्टरांनी आबांसाठी दिलेली एक चिठ्ठी लपवून मी त्यांचा इलाज दीड वर्ष लांबवला. हे बायकोला माहीत नाही. आई हे न कळताच गेली. आबांना तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा कागदावर उतरवतोय.

आबा म्हणजे माझे वडील. मंगळवार पेठेत आमच्या दोन म्हशी होत्या. संध्याकाळी त्या पेठेतल्या दूधकट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईक समोर उभं राहायचं आणि आबा थेट ग्लासात धार काढून द्यायचे. फेस काठाच्या वर बोटभर. मी दिवसा कारकुनी करायचो आणि संध्याकाळी ग्लास विसळून द्यायला त्यांच्याजवळ असायचो. आबांची धार मी डोळे मिटून ओळखली असती. एक मूठ मिटली की दुसरी उघडायची, बादलीत एकसारखा आवाज. लहानपणापासून त्याच आवाजानं मला जाग यायची.

एका उन्हाळ्यात तो आवाज लंगडा झाला. डाव्या हाताची धार लांब, उजव्याची आखूड. मी ऐकलं आणि गप्प राहिलो. कट्ट्यावरची माणसं गप्प राहणारी नव्हेत. "आबा, ग्लास भरतोय का उद्या येऊ?" आबा हसायचे आणि मूठ आणखी आवळायचे. पुढं एकदा गॅसवर दूध करपलं, घरभर वास सुटला आणि आबा शेजारीच पेपर वाचत बसलेले. आई म्हणाली, "नाक गहाण टाकलंय काय?" आबा म्हणाले, "सर्दी हाय." सर्दी नव्हती.

खांदा दुखतो म्हणून मी त्यांना पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खांदा थोडाच बघितला आणि आबांना दारापर्यंत चालायला लावलं. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. मग सही करायला लावली. पहिलं अक्षर वाटाण्याएवढं, शेवटचं मोहरीएवढं. आबांना बाहेर बाकड्यावर बसवून ते मला म्हणाले, "मेंदूच्या डॉक्टरला दाखव. मला पार्किन्सनचा संशय येतोय."

"पण हात कुठं थरथरतोय त्यांचा?"

"थरथर मागनं येती रे. मेंदूत खोलवर थोड्याशा पेशी असतात. त्या एक रसायन तयार करतात, त्यावर आपली हालचाल चालते. त्या पेशींत एक प्रथिन वेडंवाकडं वळतं, साचतं, आणि पेशी एकेक करून मरायला लागतात. वर्षानुवर्षं. वास जातो, पोट साफ होत नाही, अक्षर बारीक होतं, आणि माणूस म्हणतो वय झालं. हात थरथरायला लागतो तोवर आतला बराच कारभार आटपलेला असतो."

"गोळीनं थांबतंय?"

"थांबत नाही. पण हात मोकळा होतो, दिवस बरे जातात. उशीर करू नको." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

बाहेर आबांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"वात हाय. शेकायला सांगितलंय."

त्याच आठवड्यात माझ्या पोरीला शिरोळकडचं स्थळ आलं होतं. चौकशीत घराण्यातले आजार आधी विचारतात, पोरीचं शिक्षण नंतर, हे मला ठाऊक होतं. लग्न उरकू दे, मग दाखवू, असं ठरवून मी ती चिठ्ठी म्हशीच्या विम्याच्या कागदांच्या पिशवीत सरकवली. त्या पिशवीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता विचारलंच, "घरात काय दुखणंबिखणं?"

"छे वो पावणं! म्हातारा अजून दोन म्हसरांची धार काढतोय. दावतो की."

एवढं बोलून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पाहुण्यांना धारोष्ण दूध पाजायची आमच्या घरची रीत. मी आबांना त्यांच्यासमोर थोरल्या म्हशीखाली बसवलं. ती आबांनी रेडकू असल्यापासून वाढवलेली. ती उभी राहिली, पान्हा सोडला. आबांची उजवी मूठ मिटली आणि उघडेनाच. सड ओढला गेला. म्हशीनं लाथ झाडली, आबा शेणात पडले, ग्लास फुटला.

आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "तिचा दोष न्हाय रं. माझाच हात..."

"गप बसा आबा," मी सगळ्यांदेखत ओरडलो. "खोडीलच हाय ती. पान्हा चोरती, लाथा झाडती."

पाहुणे हसले. आबांनी म्हशीकडं बघितलं, मग खाली. पुन्हा हाताविषयी ते कधी बोलले नाहीत.

बोललेलं खरं करायचं म्हणून आठ दिवसांत मी म्हैस विकली. नेणाऱ्याला कागद द्यायला पिशवी उघडली तर चिठ्ठी सगळ्यात वर. खिशात घातली. आबा दावणीपाशी उभे होते. ती रस्त्याला लागली तरी डावा हात तिच्या पाठीवर ठेवून कोपऱ्यापर्यंत गेले.

लग्न झालं. मग म्हटलं, पोरगी नांदायला लागू दे. मग पहिली दिवाळी होऊ दे. जुने डॉक्टर समोरून येताना दिसले की मी गल्ली बदलायचो. आई गेली. शेवटी आबांना सदऱ्याचं बटण लावता येईना तेव्हा मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं आणि सांगितलं, "आत्ताच लक्षात आलं."

व्याह्यांना कळलं तेव्हा ते मोसंबी घेऊन भेटायला आले. म्हणाले, "आमच्या थोरल्या चुलत्यालाबी ह्योच आजार. त्यात लपवण्यासारखं काय हाय?" मी चहा आणायच्या निमित्तानं आत गेलो.

गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात आबांची मूठ उघडू लागली. एका सकाळी त्यांनी उरलेल्या म्हशीची धार काढली. पूर्वीसारखी नव्हे, पण दोन्ही हातांनी. बादली बाजूला ठेवून ते म्हणाले, "ही गोळी आधी मिळाली असती तर थोरली ऱ्हायली असती काय रं?"

मी म्हणालो, "तवा कुणाला म्हाईत हुतं आबा."

"व्हय, ते बी खरंच," ते म्हणाले.

आता गोळीचा असर दुपारपर्यंतही टिकत नाही. गोठा रिकामा आहे. त्या पेशी माझ्यामुळं मेल्या नाहीत, एवढं मला डॉक्टरांकडून कळलंय, आणि त्याचा आधार मी गरजेपेक्षा जास्त घेतलाय. चिठ्ठी कपाटात कागदाखाली आहे.

आबा अजून ऐकू शकतात, समजू शकतात. मला माहीत होतं, आणि म्हैस खोडील नव्हती, ही दोन वाक्यं मी त्यांना अजून देणं लागतो.