कातडं सरावतंय

चहाचा वाफाळता पेला तो बुडाला धरायचा. माझे डोळे विस्फारले की खुशीत म्हणायचा, "कातडं सरावतंय, डाक्टर!"

विट्यातल्या माझ्या दवाखान्यात दिवाळीला गलाईवाल्यांची रीघ लागे. सोनं गाळायची दुकानं दूर दक्षिणेत, बायका गावाकडे, वर्षातून एकदा घर. हा त्यातलाच, पन्नाशीचा, भलताच बोलका. भट्टीपुढे बोटं इतकी निबर झालेली की रक्तासाठी सुई टोचली तरी गप्पा चालूच.

मधुमेहाने त्याच्या लिंगाची पुढची कातडी आवळून सारखी चिरू लागली, म्हणून नाइलाजाने सुंता केली. घरी त्याने हर्निया म्हणून सांगितलं. जखम छान भरली. सुरुवातीला कापड घासलं तरी कळवळायचा. "सरावेल," मी त्याचाच शब्द त्याला ऐकवला, तसे दोघेही हसलो.

पुढच्या दिवाळीला त्याने दार स्वतःच लावून घेतलं.

"डाक्टर, लय सरावलं. कोरडं पडलंय. कायच कळंना."

झाकलेली ओलसर त्वचा उघडी पडली की कोरडी होते, वरचा थर निबर होतो असं काही जण म्हणतात. पण संवेदना त्यानेच कमी होते का, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. शिवाय मधुमेहानेही नसा बधिर होतात. त्याच्या बाबतीत कारण कुठलं, ते मला सांगता येईना.

"बायकोला तरी सांगा," मी म्हणालो.

"आवं, कुठल्या तोंडानं सांगू?"

भट्टीला न भिणारा गडी घरात मात्र पार भेदरला. दर दिवाळीला घरी आला की बाहेर सोप्यात निजू लागला. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

गुडघ्याचं निमित्त काढून एकदा त्याची बायको आली. "डाक्टर, तिकडं त्यांचं दुसरं बिऱ्हाड हाय का?"

पेशंटची गोष्ट मी कशी सांगणार? "त्यांनाच विचारा," म्हणालो.

"इचारलं. गप बसत्यात."

मी त्याला पुन्हा सांगून पाहिलं. "पुढच्या दिवाळीला सांगतो," म्हणाला. त्याआधीच तिकडून एसटीडीवर निरोप आला. दुकानातच हार्ट अटॅकने गेला होता.

दिवस झाल्यावर ती आली. "आता तरी सांगा. कोण हुती ती?"

मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, कातडी, त्याची लाज.



"येवढ्यासाठी व्हय?" ती म्हणाली. "आन् मी दर दिवाळीला आत दोघांचं हातरूण घालत हुते."