प्रकाशने न पाहिलेले दोन गोल

जूनमधली सकाळ होती. सनीव्हेलच्या ऑफिसात कॉफी घेऊन जागेवर येतो तोच फोन वाजला. पलीकडून सुजाता वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..." फ्रीमाँटच्या घरासमोर गाडी काढतानाच प्रकाशच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलपर्यंतही तो पोचला नाही.

प्रकाश रामटेके नागपूरचा. पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेला आणि तिथल्या एका पावसाळी गिरणगावातल्या लाल जर्सीच्या फुटबॉल क्लबाचा कायमचा होऊन बसला. त्या क्लबाचा इतिहास मी त्याच्याच तोंडून ऐकला. फार पूर्वी, परदेशात सामना खेळून परतताना बर्फात त्यांचं विमान कोसळलं, ऐन विशीतली पोरं गेली. जखमी मॅनेजर बरा होऊन परतला, त्याने नवा संघ उभा केला आणि दहा वर्षांनी युरोपचा कप जिंकला. "सगळं संपल्यावर पुन्हा उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही यार," असं तो म्हणायचा.

पण तो तिथे होता ते क्लबाचे पडते दिवस. स्वस्तातल्या, उभ्याने बघायच्या जागेत भिजत त्याने कितीतरी पराभव पाहिले. तो अमेरिकेत आला आणि मग त्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच लीग जिंकली, पुढे जिंकतच गेले. "साले माझ्या निघायचीच वाट बघत होते!" म्हणून तो हसायचा. मैत्रेयीला, त्याच्या मुलीला, ते मैदान दाखवायचं फार मनात होतं. कधी ग्रीन कार्ड अडलं, कधी प्रोजेक्टची डेडलाइन आली... ट्रिप दर वेळी कॅन्सल झाली.

यंदा मे महिन्यात लीग आणि देशातला कप जिंकून झाला होता. उरली होती युरोपची फायनल. आमच्याकडे भर दुपार. एका इंग्लिश माणसाच्या रेस्टॉरंटात मोठ्या टीव्हीसमोर आम्ही बसलो, आणि पहिल्यांदाच मैत्रेयी आपणहून सोबत आली होती. जर्मन संघाने सुरुवातीलाच गोल केला. मग काहीच घडेना. सामना संपत आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, इट्स ओव्हर. मला प्रॅक्टिसला लेट होतंय." प्रकाशने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "चल," म्हणाला आणि उठला.

नव्वद मिनिटं संपल्यावर पंचांनी वाढवून दिलेल्या तीन मिनिटांत आमच्या संघाचे दोन गोल झाले. कप जिंकला. मी पार्किंगमध्ये धावत गेलो, पण त्याची गाडी निघून गेली होती.

संध्याकाळी फोनवर मीच चिडलो. "अरे, पाच मिनिटं थांबायचं ना!"

"ती पहिल्यांदा आली होती रे," तो शांतपणे म्हणाला. "आज जबरदस्तीने बसवलं असतं, तर पुढच्या वेळी आली असती का?"

पुढची वेळ आलीच नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो, तर मैत्रेयीने त्या सामन्याची टेप कुणाकडून तरी मिळवली होती. बुद्धवंदना झाल्यावर आम्ही तिघं बघत बसलो. त्या दिवशी ती आणि प्रकाश उठले होते ती वेळ आली तशी तिने रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. वहिनी म्हणाल्या, "लाव बेटा."

दोन्ही गोल झाले. टीव्हीवर लोक नाचत होते.

"काका, बाबा खूप ओरडले असते ना?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "रडला असता."

तिने टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली.