दाजी आणि सोमलाचा डबा

निरुपयोगी वस्तूंचा वैरी म्हणून जगात कोणी जन्माला आला असेल, तर ते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर परमुलखात गेले. तिथे छावणीचा कचरा पुरण्या-जाळण्याच्या कामावर हवालदार झाले आणि लढाई संपून साताऱ्याला परतले, तरी ते काम काही त्यांना सुटले नाही. इतर जावई सासुरवाडीला आले की पान जुळवत ओसरीवर बसतात. आमचे दाजी कोरेगावला आले की पायांवर पाणी घेऊन थेट माळ्यावर चढत. दुपारपर्यंत अंगणात मोडकी सुपे, भोके पडलेल्या घागरी, औषधांच्या बाटल्या, जोडीदार हरवलेली पायताणे असा ढीग लागे. मग त्याची वाटणी. कुजेल ते उकिरड्यात, जळेल ते चुलीत, लोखंड लोहाराकडे आणि फुटक्या काचा परसात हातभर खोल, वर चुना, त्यावर दगड. "काच उगं पडत न्हाई रं," ते मला सांगत, "कुणाचा तरी पाय हुडकत बसती." आईने वर्षानुवर्षे जपलेला चिरका रांजण असाच गेला. जावयाला बोलायची सोय नव्हती, म्हणून ती मला बोलली. वडील तर दाजी येणार असे कळले की आपली काड्या निघालेली छत्री वैरणीच्या गंजीत लपवून ठेवीत.

त्या वर्षी माझ्यासाठी औंधला मुलगी बघायला जायचे ठरले. वडील पाठदुखीने अंथरुणावर होते, म्हणून वडीलधारे दाजी. ते आदल्या दिवशीच आले. सकाळच्या मोटारीने निघायचे, मी नवा कोट घालून तयार, आणि चहा पिता पिता दाजींना फडताळात हळदीच्या डब्याला टेकून बसलेला एक गंजका डबा दिसला. त्यात काय आहे, असे त्यांनी विचारले. उंदीर मारायला आणलेला सोमल, असे आईने अगदी सहज सांगितले. दाजींनी कपबशी खाली ठेवली.

परत आल्यावर टाकू, असे मी नाना परींनी विनवले. दाजी म्हणाले, "मोटार दुपारची बी मिळंल. हळदीऐवजी हे पडलं भाजीत, तर तुझं लगीन बघाया कोण उरंल?" डबा फडक्यात गुंडाळून ते पुढे आणि खांद्यावर कुदळ-फावडे घेऊन कोटातला मी मागे, अशी आमची वरात निघाली. वाटेत जो भेटे तो जागा सुचवी. नदीत सोडा, कोणी म्हणाले. खालच्या गावांनी काय प्यावे, दाजींनी विचारले. उकिरड्यात टाका, तर कोंबड्या उकरतात आणि खत शेवटी उसाला जाते. ओसाड विहीर दाखवली, तर तिचे पाणी आतून कुठे जाते हे कोणाला ठाऊक? अखेर गावाबाहेर, जिथे गवत उगवत नाही आणि पाणी थांबत नाही अशा माळावर त्यांनी पाय आपटून जागा पसंत केली. मुरूम असा, की कुदळ ठणाठण वाजे. खड्डा कमरेइतका झाला तेव्हा माझ्या तळहातांना फोड आले होते, कोटाची एक बाही उसवली होती आणि दुपारची मोटारही गेली होती.

औंधला पोचलो ते तिन्हीसांजेला, एका मालमोटारीत गुळाच्या ढेपांवर बसून. वाटेत मोटारीचा आस मोडला असे सांगायचे मी ठरवले होते. पण मुलीच्या वडिलांनी उशिराचे कारण विचारताच दाजींनी सगळी हकिगत खड्ड्याच्या खोलीसकट सांगितली. हे स्थळ गेले, असे मी मनाशी धरून चाललो. तेवढ्यात मुलीची आजी आतून म्हणाली, "आवं, त्यो सोमल आमच्याबी घरात हाय. कुटं टाकावा?"

दाजी पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. मुलीच्या वडिलांनी आपल्याच वावराकडेच्या मुरमाड बांधाशी जागा दाखवली. कंदील धरायला कोण, तर मुलगीच आली. बघण्याचा कार्यक्रम असा झाला: ती कंदील धरून उभी आणि फोडांच्या हातांनी कुदळ मारणारा मी खड्ड्यात. मग ती वाकून आत पाहत म्हणाली, "आजून खोल पायजे. आमची शेरडं हितंच चरत्यात." दाजी माझ्याकडे पाहून फक्त हसले. तिथेच माझे लग्न ठरले.

त्यानंतरही दाजींनी आम्हाला कमी छळले नाही. माझ्या संसाराचा माळा त्यांनी वर्षातून दोनदा रिता केला. बायको मात्र त्यांच्या बाजूची, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

दाजी गेले, तेव्हा त्यांचे सामान आवरायला मी साताऱ्याला गेलो. आवरायला काही नव्हतेच. दोन धोतरे, एक कांबळे, पितळी तांब्या. जुनी टोपी नाही, झिजलेले पायताण नाही, दाढीचे वापरलेले एक पातेही नाही. आक्का प्रत्येक फळी हाताने चाचपत खोलीभर फिरली. शेवटी खाली बसली आणि म्हणाली, "काय तरी अडगळ ठिवायची हुती रं त्यांनी."