रसम म्हणजे रसमच

पहिल्याच भेटीत रुक्माक्कांनी माझ्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि खिडकीतून रस्त्यावर टाकून दिली.

नवऱ्याच्या बदलीमुळे मी पुण्याहून कुंभकोणमला आले होते. शेजारच्या अक्का तिथल्याच, पण मराठेशाहीच्या काळात आलेल्या घराण्यातल्या. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी. काचबिंदूने त्यांची नजर झपाट्याने चालली होती. ती पुरती जायच्या आत घरचे सगळे पदार्थ त्यांना माझ्याकडून लिहवून घ्यायचे होते, नॉर्वेतल्या सुनेसाठी, मारितसाठी. मुलगा शेखर ते तिला वाचून समजावणार होता. मी वही उघडली, त्यांनी सांगितलेलं ‘रसम’ लिहिलं आणि शाळेत वह्या तपासायच्या सवयीने ते खोडून ‘सार’ केलं. पेन्सिल गेली ती त्यामुळे.

“पुण्यात ‘सार’ म्हणतात, अक्का.”

“मी पुण्यास लिहितें कां? माझी आजी रसम म्हणे. रसम म्हणजे रसमच.”

मी मान डोलावली. पण त्या सांगत आणि मी उतरवून घेई, तेव्हा शब्द हळूच बदलत गेले. ‘पच्चडी’ची ‘कोशिंबीर’ केली. वहीतलं अक्षर त्यांना आता दिसत नव्हतं. मला वाटे, मी त्यांची भाषा सुधारतेय.

पानांचे फोटो मी शेखरला पाठवत असे; एके दिवशी त्याने फोनवरून अक्कांना चाळीस पानं वाचून दाखवली. संध्याकाळी अक्कांनी मला बोलावलं.

“मजला दिसत नाहीं, म्हणून ऐकूही येत नाहीं कां?”

तेवढ्यात मारितचा फोन आला; शेखर दोघींचं बोलणं एकमेकींना समजावून देत होता. अक्कांनी तिला विचारलं, “काय शिजवलेंस?” ती म्हणाली, “लापस्कौस.” बटाट्या-मांसाचा दाटसर रस्सा. नाव मूळचं इंग्रज खलाशांचं, शेखरने सांगितलं.

“तुझी आजीही हेंच नांव घेई?”

“हो, अक्का.”

“मग तें तुमचेंच.” अक्का माझ्याकडे वळल्या. “इथले लोक आमच्या कोशिंबिरीस कोसमल्ली म्हणतात. ती परत मागायास जाऊं? लिही. पहिल्यापासून.”

चाळीस पानं मी फाडली. दुसऱ्या वहीच्या निम्म्यावर त्यांना पूर्ण दिसेनासं झालं. तरी रोज एक पदार्थ स्वतः करून, चाखून, मग सांगत. हात भाजले, तरी थांबल्या नाहीत. मी लिहिलेलं दोनदा वाचून घेत आणि मी एखाद्या शब्दावर अडखळले तर म्हणत, “खोटें वाचूं नकोस हो!” शेवटचं पान झालं त्या दिवशी त्यांनी वही मिटून मांडीवर धरली.

पुढच्या थंडीत अक्का गेल्या.

परवा मारितचा फोन आला. लेकीच्या शाळेत प्रत्येकाने नॉर्वेतल्या एका पदार्थाचं नाव सांगायचं होतं. लेक म्हणाली, “रसम.” बाईंनी समजावलं, हा पदार्थ दूरच्या देशातला. पोर हटून बसली. आजी करायची, आई करते, मग तो इथला कसा नाही?

“मी बाईंना काय सांगू?” मारितने विचारलं.

“पोरीचं बरोबर आहे म्हणून सांग,” मी म्हटलं.