आईचं वर्षभराचं दुखणं

आईला बोधगयेला न्यायचं हे मी मनात धरलं, तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची मला सवयच नाही. घरात चार माणसं बोलत बसली की मी चहा ठेवायला उठते. चौथी झाली आणि धाकट्या भावाला सांभाळायला मी घरी बसले, तेव्हापासून बोलायचं काम आईचं आणि ऐकायचं माझं अशी आमची वाटणी झाली. आई बार्शीच्या बाजारात धान्य निवडायला जायची. व्यापारी असो, हमाल असो, एसटीचा कंडक्टर असो, ती एकटी सगळ्यांना पुरून उरायची. मी तिच्या पदरामागं.

आता मी सोलापुरात कडक भाकरी करून विकते. आमचे मालक चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातात. भाकरीच्या पैशातून मी भिशी लावली होती. ती उचलली आणि आम्हा दोघी मायलेकींचे सहलीचे पैसे भरले. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. बोधगयेचं मंदिर आईनं जन्मभर भिंतीवरच्या फोटोतच बघितलं होतं. तिचे गुडघे चालतात तोवर तिला तिथं नेऊन उभी करायची, एवढंच मला पाहिजे होतं.

पैसे भरायला गेलो तेव्हा सहलवाल्या माणसानं विम्याचं काढलं. "मावशी, आज्जींचं वय झालंय. विमा घ्या. निघायच्या आधी कुणी दवाखान्यात पडलं तर माझ्याकडून पैसे परत मिळत नाहीत, विम्याकडून मिळतात."

आई लगेच म्हणाली, "निगायच्या आदीच मला दवाखान्यात घालतोस व्हय रे?"

"तसं नाही हो आज्जी."

"मग कसं? नातीच्या लग्नात नाचलीया मी. ही बसली हुती कोपऱ्यात."

आईला विमा नको होता. पण तो माणूस कागद पुढं करून माझ्याकडं बघत राहिला आणि मला कुणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. मी सही केली. घरी येईपर्यंत आई बोलत होती. "कुनी ताट फुडं केलं की हिनं जेवलंच पायजे. भूक असू दे न्हायतर नसू दे."

निघायच्या आठवड्यात आई बार्शीहून आली. पांढरी साडी नवी घेतली होती, ती तिनं पिशवीत सगळ्यात वर ठेवली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती पोट धरूनच उठली. उलट्या सुरू झाल्या. रिक्षा करून मी तिला जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

आई कण्हत म्हणाली, "लई दिस झालं बगा. वरीस झालं आसंल."

मी शेजारीच उभी होते. असं काही नव्हतं हे मला माहीत होतं. पण ती असं का बोलली तेही माहीत होतं. आमच्यात दुखणं वाढवूनच सांगतात. सरकारी दवाखान्यात कालपासून दुखतंय म्हटलं तर दोन गोळ्या देऊन वाटेला लावतात, लई दिवस झाले म्हटलं तर निदान हात लावून बघतात. आईनं आमचे सगळे ताप असेच वाढवून सांगितले. दोन दिवसांचा ताप दारातून आत गेला की आठ दिवसांचा व्हायचा. डॉक्टरांनी ऐकलं तसं लिहून घेतलं.

पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, पिशवी सुजली होती. ऑपरेशन करावं लागलं. प्रवासाचं नावच काढू नका म्हणाले. आमच्याबरोबरच्या बायका स्टेशनवर निघाल्या त्या दिवशी मी दवाखान्यात आईच्या उशाशी होते.

"तू तरी जा की," आई म्हणाली.

"तुज्याबिगर काय करू तिकडं?"

ती भिंतीकडं तोंड करून झोपली. झोपली नव्हती, मला कळत होतं.

ती घरी आल्यावर सहलवाल्याच्या मदतीनं दोघींचे कागद विम्याला पाठवले. बऱ्याच दिवसांनी त्यानं मला बोलावलं. उत्तर इंग्रजीत आलं होतं, ते त्यानं वाचून सांगितलं. "मावशी, नाही म्हणतायत. दवाखान्याच्या कागदावर वर्षापासून दुखतंय असं लिहिलंय. विमा घेण्याच्या आधीचं दुखणं त्यांना चालत नाही."

वाचता येत नसताना मी तो कागद हातात घेऊन बघितला. त्याला कीव आली असेल. म्हणाला, "डॉक्टरांकडून दुसरा कागद आणा. दोन दिवसांपासून दुखत होतं असं लिहून घ्या, काम होईल."

"दोन दिवस पण नव्हतं," मी म्हटलं. "त्याच दुपारी सुरू झालं."

"मग तसं आणा की!"

मालक म्हणाले, "सोड आता. आई वाचली, त्यात सगळं आलं." खरं होतं. पण ते पैसे गेले म्हणजे बोधगया गेली. परत भिशी लागायची कधी, आणि तोवर आईचे गुडघे कोण धरून ठेवणार?

मी आईला सगळं सांगितलं. ती ताडकन म्हणाली, "म्हंजी मी खोटं बोलले म्हनतीस?"

"व्हय," मी म्हटलं.

आईला मी असं कधी बोलले नव्हते. जेवायला वाढलं तर तिनं भाकरी मोडून तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर येते तर ही चांगली साडी नेसून चपला घालून तयार.

"चल. पर डाक्टरपुढं मी न्हाय बोलायची. माज्या तोंडानं लई झालं म्हनं. तूच बोल."

दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर येईपर्यंत मी मनात चार वाक्यं जुळवली, आणि आत गेल्याबरोबर चारही गेली. डॉक्टरांनी टाके बघितले, छान आहे म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलवायला बेलकडं हात नेला.

"डॉक्टर, आईनं त्या दिवशी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"काय चुकीचं?"

"वर्षभर दुखतंय म्हणाली. नव्हतं दुखत. त्या दुपारीच सुरू झालं."

त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "विम्यासाठी ना? ताई, असे पुष्कळ लोक येतात. मी खोटं लिहून देत नाही."

"खोटं नकोच आहे मला. लिहिलंय ते खोटं आहे, ते खरं करून द्या."

माझा आवाज थरथरत नव्हता, हे मला त्या वेळीच जाणवलं आणि मग मी थांबले नाही. आमच्यात दुखणं वाढवून का सांगतात ते सांगितलं. सरकारी दवाखान्याची रांग सांगितली. माझा दोन दिवसांचा ताप आठ दिवसांचा कसा व्हायचा तेही सांगितलं. विमा कशाचा होता आणि आईला कुठं न्यायचं होतं ते सांगितलं. एवढं सलग मी लग्नानंतर मालकांशीही बोलले नसेन.

डॉक्टर ऐकत होते. मग आईकडं वळले. "आजी, तेलकट खाल्लं की पोटात दुखायचं का? खरं सांगा."

न बोलायचं ठरवून आलेल्या आईला एवढा धीर कुठला! "तेलकट? आवं, बार्शीत्नं आले त्या दिशी ष्ट्यांडवर भजी खाल्ली की. दोन पलेट. हिनं एक भजं उचाललं, बाकीची मीच. वर मिरच्या."

"मग? काही झालं?"

"झोप लागली."

दारातली नर्स हसायला लागली. डॉक्टरही हसले. "वर्षभर त्रास असता तर दोन प्लेट भजी गपगुमान बसली नसती आजी." मग मला म्हणाले, "हे बघा, खडे जुने असतील. ते मी नाकारणार नाही. पण ज्याचा त्रासच झाला नाही ते माणसाला कळणार कसं? कुठं आधी दाखवलं होतं? औषध चालू होतं?"

"नाही. बार्शीत भावाला विचारा पाहिजे तर."

त्यांनी भावाला खरंच फोन लावला. मग जेवढं त्यांना पटलं तेवढं लिहून दिलं, की दुखणं पहिल्यांदा त्याच दिवशी उठलं, त्याआधी तक्रार किंवा उपचार नव्हते, आणि पहिली माहिती पेशंटनं घाबरून चुकीची दिली होती.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "लई बोललीस की गं."

"तूच म्हनलीस बोल म्हनून."

"बोल म्हनले. वकील हो न्हाय म्हनले."

पण रिक्षात बसल्यावर तिनं रिक्षावाल्याला, त्यानं काही विचारलेलं नसताना, सांगितलं, "ही माजी थोरली. आज डाक्टर गप केला हिनं." मी बाहेर बघत बसले. मला लाज वाटत होती आणि तिनं तसं आणखी कुणाला तरी सांगावं असंही वाटत होतं.

कागद पाठवल्यावर विम्याच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. तेव्हा मी भाकरी थापत होते. ती आधी हिंदीत बोलली, मी मराठीत सांगा म्हटलं. एरवी मी फोन मालकांच्या हातात दिला असता. मालक समोरच होते आणि त्यांनी हात पुढं केलाही. मी मान हलवली. तिनं विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली, माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली. मालकांनी ती उतरवली आणि तशीच खाल्ली.

पैसे खात्यात आले. थोडे कापून घेतले होते, पण दोघींचं परत भरायला फारसं कमी पडलं नाही. आम्ही पुढच्या हिवाळ्यात गेलो.

बोधगयेला मंदिर खोलगट जागेत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. फोटोत ते कळत नाही. वरून पूर्ण शिखर दिसलं तशी आई थांबली. मागून माणसं येत होती, कुठकुठल्या देशांची. मला वाटलं गुडघा दुखला, म्हणून मी हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही. नवी साडी थोडी वर धरली आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत सावकाश खाली उतरली. मी एक पायरी मागं होते. आमच्या गटातल्या एका बाईनं मला विचारलं, "तुमची आई का? कुणी आणलं त्यांना?"

"मी आणलं," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.